मानपत्रातली सातवी ओळ

सोमवारी सकाळी सहाला पाच मिनिटं असताना गंगम्मा हजेरी शेडमध्ये आली. मुकादम युवराज एकेकाच्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरून हजेरी लावत होता. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. गंगम्माचा चेहरा मोबाइलला दोनदा ओळखता आला नाही.

"उजेडाकडं तोंड कर की मावशी. मशीन म्हणतंय, ही बाई कोण म्हाईत न्हाय."

"नऊ वर्सं झाली झाडतीया. ह्या महिन्यात जायाची वेळ आली, तरी वळखंना व्हय?"

रांगेतले हसले. युवराजही हसला. तिसऱ्या खेपेला हजेरी लागली, तेव्हा तो म्हणाला, "आन् ऐक. झाडून झालं की हापिसात जा. म्याडमनी बोलावलंय."

"काय केलं मी?"

"काय न्हाय केलंस. बक्षीस हाय तुला. नगरभूषण."

मागे उभी असलेली भुवनेश्वरी गंगम्माची शेजारीण. तिनं लगेच विचारलं, "भूषण म्हंजे काय देत्यात? साडी?"

"साडी, नारळ, मानपत्र. पेपरात फोटो."

"अक्का, साडी चांगली असली तर मला नेसायला दे गं एकदा."

गंगम्मा वळली. तिनं झाडू उचलला आणि बाजारपेठेच्या रस्त्याला लागली. त्या दिवशी तिनं एक गल्ली दोनदा झाडली आणि पुढची विसरली.

सोलापूरहून दक्षिणेला गेलं की कर्नाटकाची हद्द यायच्या आधी हे गाव लागतं. गावाला नगरपरिषद आहे आणि दर वर्षी तिच्या वर्धापनदिनाला पाच जणांना नगरभूषण पुरस्कार दिला जातो. आजवर तो डॉक्टरांना मिळाला, व्यापाऱ्यांना मिळाला, निवृत्त मुख्याध्यापकांना आणि कुस्तीगिरांना मिळाला. सफाई कामगाराचं नाव यादीत पहिल्यांदाच आलं होतं. ते घातलं होतं मुख्याधिकारी संस्कृती देशमाने यांनी. वय एकोणतीस, या गावात येऊन पाच महिने झालेले.

साडेअकराला गंगम्मा त्यांच्या केबिनच्या दाराबाहेर उभी राहिली. रस्त्यावरून आलेल्या माणसानं आत जायचं नसतं, ही सवय तिला कुणी शिकवायची गरज पडली नव्हती. मॅडम स्वतः उठून आल्या आणि त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं. गंगम्मा खुर्चीच्या कडेला टेकली.

"मावशी, मी तुमची फाइल बघितली. तुमच्या मिस्टरांचे आजोबा नगरपरिषदेत होते, वडील होते, मग मिस्टर, मग तुम्ही. आता गुडघ्यांमुळे तुम्ही स्वेच्छानिवृत्ती घेताय आणि वारस म्हणून प्रियंका येतेय. एकाच घरातली चौथी पिढी! गावाला हे माहीतच नाही."

"व्हय म्याडम."

"तर स्टेजवर असं करायचं. तुम्ही प्रियंकाच्या हातात झाडू द्यायचा. सेवेचा वसा पुढच्या पिढीकडे. आणि लगेच मी तिला नियुक्तिपत्र देईन. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

त्या मनापासून बोलत होत्या. केबिनमध्ये आणखी तिघं होते आणि तिघांनीही मान डोलावली. त्याच यादीत एका डॉक्टरांचं नाव होतं आणि त्यांचा मुलगा पुण्यात इंजिनीअर होता. तो वडिलांचा वसा का घेत नाही, असं कुणाच्या मनात आलं नाही.

मानपत्राचा मजकूर लिहायचं काम दिग्विजयकडे होतं. तो जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसायचा. अक्षर सुंदर, भाषा भारदस्त. सत्काराचा मजकूर कुणालाही त्याच्याकडूनच हवा असायचा. चार वर्षांपूर्वी मिळालेल्या त्याच्या नियुक्तीच्या आदेशावर पद 'सफाई कामगार' असं लिहिलेलं आहे. त्या चार वर्षांत त्यानं एकदाही झाडू धरलेला नाही. त्याच काळात कामगार वसाहतीतल्या बारावी झालेल्या दोघांनी ऑफिसात काम मागितलं होतं. ऑफिसात जागा नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. दिग्विजय त्यांच्या जातीचा नव्हता.

"मावशी, मिस्टरांबद्दल सांगा थोडं. मजकुराला वजन येतं."

"काय सांगू? गटारीचं काम करायचे. जत्रंच्या आदल्या दिवशी बाजारातला चेंबर तुंबला हुता. त्यात उतरले. वर न्हाय आले."

दिग्विजयचं पेन थांबलं. "म्हणजे, त्यातच?"

"त्यातच."

"अरेरे," तो म्हणाला आणि लिहू लागला.

गंगम्मा पायऱ्या उतरून पोस्टाच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. आपण काय बोलून बसलो, ते तिला तेव्हा कळलं. परत वळून सांगावं की न सांगावं, या विचारात ती उन्हात किती तरी वेळ उभी होती. एका रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा ती बाजूला झाली आणि घरी गेली.

गुरुलिंग चेंबरमध्ये गुदमरून मेला, हे वसाहतीत लहान मुलांनाही माहीत आहे. कागदावर मात्र तो राहत्या घरी हृदयविकारानं मेला. माणसाला गटाराच्या चेंबरमध्ये उतरवायला कायद्यानं बंदी आहे. म्हणून नऊ वर्षांपूर्वी, गुरुलिंगचं प्रेत अंगणात असताना, आबासाहेब एक टाइप केलेला कागद घेऊन वसाहतीत आले होते. तेव्हा ते आरोग्य समितीचे सभापती होते. आज ते नगराध्यक्ष आहेत.

"सही केलीस तर आठ दिवसांत तुला ऑर्डर," त्यांनी सांगितलं होतं. "घर ऱ्हाईल. न्हाय केलीस तर पोस्टमार्टेम, केस, कोर्ट. पोरगी तेरा वर्सांची हाय तुजी. बघ."

गंगम्माला मराठी वाचता येत नव्हतं, पण कागदात काय आहे ते तिला पक्कं माहीत होतं. तिला कन्नडमध्ये स्वतःचं नाव लिहिता यायचं. तिनं ते लिहिलं. आठव्या दिवशी ऑर्डर आली. घर राहिलं.

घर म्हणजे नगरपरिषदेच्या वसाहतीतल्या दोन खोल्या आणि पुढं नळ. नियम साधा आहे: घरातलं कुणीतरी सेवेत असेल तोवर घर. कुणी नसेल तर तीन महिन्यांत मोकळं करून द्यायचं. म्हणून प्रियंकानं वारसाच्या अर्जावर सही केली होती. ती बी.कॉम. झाली होती आणि वर्षभर तहसीलसमोरच्या कासीमभाईंच्या डीटीपी सेंटरमध्ये काम करत होती. अर्जावर सही करून आली त्या दिवशी ती जेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी जेवली. त्या विषयावर मायलेकी पुन्हा बोलल्या नाहीत.

नगरपरिषदेची छपाई कासीमभाईंकडेच असायची. मंगळवारी दुपारी दिग्विजयनं लिहिलेली पाच मानपत्रं टाइपसाठी आली. चार झाली. पाचवं आईचं होतं. प्रियंकानं ते शेवटी ठेवलं होतं. ती भराभर टाइप करत गेली आणि सातव्या ओळीवर तिची बोटं थांबली.

'आपले पती कै. गुरुलिंग यांनी ऐन जत्रेच्या तोंडावर नगराचे आरोग्य अबाधित राहावे म्हणून तुंबलेल्या चेंबरमध्ये निधड्या छातीने प्रवेश केला आणि कर्तव्य बजावत तेथेच देह ठेवला.'

तिनं ती ओळ तीनदा वाचली. मग टाइप केली. 'निधड्या'मधला ध आधी चुकला, तो नीट केला.

कासीमभाई मागं येऊन उभे होते. साठीचे गृहस्थ, गावातल्या तीन पिढ्यांच्या लग्नपत्रिका त्यांनी छापल्या होत्या.

"ये लाइन देखी तू?"

"बघितली चाचा."

"इनो लोगां को मालूम है, क्या लिखे सो?"

"त्यांनीच लिवून पाठवलंय की."

कासीमभाईंनी चष्मा पुसला. "देख बेटा, मैं कुछ बोलता नै. तू जैसा आया वैसाच लगा. पन प्रूफ पे सबके सही होना. बाद में मेरे पे नक्को आने."

प्रूफ बुधवारी नगरपरिषदेत गेलं. दिग्विजयनं 'तपासले' असं लिहून सही केली. मुख्याधिकारी मॅडमनी आपलं नाव आणि हुद्दा बरोबर आहे ना, एवढं पाहून सही केली. आबासाहेबांची गाडी खाली उभी होती, टेंभुर्णीला लग्नाला जायचं होतं. त्यांनी पाच मानपत्रांवर पाच सह्या केल्या आणि शिपायानं पाच शिक्के मारले. मानपत्र कुणी वाचत नाही. वाचलं तर ते कोणत्याही माणसाला लागू पडतं, हा सगळ्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव होता.

त्या संध्याकाळी प्रियंकानं प्रूफची प्रत घरी आणली आणि आईला वाचून दाखवली. गंगम्मा ज्वारी निवडत होती. सातवी ओळ आली तेव्हा तिचा हात थांबला.

"परत वाच."

प्रियंकानं परत वाचली.

"खोड ते."

"मी कशी खोडू अव्वा? त्यांचं लिवलेलं, त्यांच्याच सह्या."

"तू टायपिंग करतीस न्हवं? मग काढून टाक. कुणाला कळतंय?"

"खोटं हाय का ते?"

"खरं हाय म्हणून तर म्हणते काढ!" गंगम्मा ओरडली आणि लगेच दाराकडं बघून आवाज खाली आणला. "आबासाहेबानं वाचलं म्हंजे? तुजी ऑर्डर फाडून टाकंल त्यो. माजा तर अर्ज मंजूर झालाय, मला बी आता परत घेत न्हाईत. घर जाईल. कुटं जायाचं?"

"मी झाडू घेते," प्रियंका म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "घरासाठी घेते. स्टेजवर घेते, समद्या गावापुढं घेते, फोटो काढू देते. कॉलेजातली पोरं बघतील, बघू देत. पण अप्पा घरी खाटंवर मेला असं नऊ वर्सं कागद सांगतोय. आता पयल्यांदा कुणीतरी खरं लिवलंय. ती ओळ मी न्हाय काढणार."

"तुजा अप्पा वाचायला येतोय व्हय?"

"मी वाचतीया की."

गंगम्मानं सूप बाजूला सारलं. ती उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. मग बाहेर जाऊन अंगण झाडू लागली. समोरच्या दारातून भुवनेश्वरीनं हाक मारली, "अक्का, सांजच्याला झाडलंस की एकदा! बक्षीस मिळालंय म्हणून काय रातपाळी बी करतीस?"

नळावर भुवनेश्वरीचा नवरा शिवकुमार पाय धूत होता. तिसऱ्यांदा साबण लावत होता. नऊ वर्षांपूर्वी गुरुलिंगला चेंबरमधून ओढून वर काढलं होतं ते यानंच. तेव्हा तो पंचविशीतला रोजंदारीवरचा होता.

"अक्का, शुक्करवारी आमाला बी घिऊन जा बक्षिसाला," तो म्हणाला. "तेवढंच खुर्चीत बसायला मिळंल."

"आज कुटं हुतास?"

"बाजारात."

"बाजारात कुटं?"

शिवकुमारनं पायावर पाणी ओतलं. "तितंच. त्योच. मशीन आत गल्लीत जात न्हाय म्हणत्यात. युवराज म्हणाला, पाच मिनिटाचं काम हाय, उतर."

"दोरी?"

"दोरी हुती." तो हसला. "धराय कोण न्हवतं."

गंगम्मा झाडू हातात घेऊन तशीच उभी राहिली. भुवनेश्वरी दारातून आत गेली होती. आतून भांडी आपटल्याचा आवाज येत होता.

गुरुवार गंगम्माला सरता सरेना. सकाळी तिनं ठरवलं, दिग्विजयला जाऊन सांगायचं की चुकून बोलले. ऑफिसच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. दुपारी ठरवलं, काही बोलायचं नाही, कार्यक्रम होऊन जाऊ द्यायचा, मानपत्र कुणी ऐकत नाही. चारला रंगीत तालीम होती. सभागृहात सोनेरी कागद गुंडाळलेला नवा झाडू तबकात ठेवला होता, मुठीला झेंडूचं फूल बांधलेलं. फोटोग्राफरनं मायलेकींना दोनदा उभं केलं. "मावशी, थोडं हसा की! लेकीला नोकरी लागतीय!" प्रियंकानं हात पुढं केला. गंगम्मानं झाडू दिला. इतकी वर्षं रोज धरलेली वस्तू, पण तिच्या हातातून ती घसरली आणि पडली. फोटोग्राफर म्हणाला, उद्या घट्ट धरा.

शुक्रवारी अकराला कार्यक्रम सुरू झाला. सभागृह भरलं होतं. पुढं सत्कारमूर्ती, मागं नगरसेवक, त्यांच्या मागं बचत गटाच्या बायका, आणि शेवटी भिंतीला टेकून सफाई कामगार. त्यांना युवराजनं गणवेशात आणलं होतं, पण खुर्च्या कमी पडल्या होत्या.

गंगम्माचं नाव यादीत शेवटचं होतं. पहिली चार मानपत्रं वाचून झाली. लोक आपापसात बोलत होते, मोबाइल बघत होते. सूत्रसंचालन शाळेतले एक सर करत होते, आवाज खणखणीत. त्यांनी पाचवं मानपत्र उचललं आणि सराईतपणे वाचत गेले. "…निधड्या छातीने प्रवेश केला आणि कर्तव्य बजावत तेथेच देह ठेवला." इथं त्यांनी वाक्याला साजेसा विराम घेतला. पुढच्या रांगांमधून टाळ्या आल्या.

मागच्या भिंतीजवळ कुणी टाळी वाजवली नाही.

सर पुढं वाचणार तोच आबासाहेब उठले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते चाळीस वर्षं राजकारणात होते. त्यांनी हसतच माइक घेतला.

"एक छोटी दुरुस्ती करतो. आमचा लेखक जरा भावनेच्या भरात वाहून गेलाय. गुरुलिंग आमचा फार जुना, प्रामाणिक कामगार. दुर्दैवानं त्याला राहत्या घरी हृदयविकाराचा झटका आला. रेकॉर्डला तसंच आहे. काय गंगम्मा? सांग लोकांस्नी."

आणि त्यांनी माइक तिच्या तोंडासमोर धरला.

तिनं फक्त 'व्हय' म्हणायचं होतं. एवढ्यानं सगळं निभावलं असतं. शेजारी प्रियंका उभी होती, तिच्यासमोर तबक, तबकात झाडू, झाडूखाली नियुक्तिपत्राचा लिफाफा. गंगम्मानं तिच्याकडं बघितलं नाही. ती भिंतीकडं बघत होती. तिथं शिवकुमार उभा होता, खांद्याला खांदा लावून इतर अकरा जण होते, आणि त्यांच्यातल्या कुणाची पुढची पाळी हे युवराज रोज सकाळी ठरवायचा.

"न्हाय," गंगम्मा म्हणाली.

माइकमधून तो शब्द फार मोठा आला. ती स्वतःच दचकली.

"काय?"

"घरी न्हाय मेले. चेंबरातच मेले. तुमी कागद घिऊन आला हुता सायेब. मढं अंगणात हुतं. मी सही केली. मला घर पायजे हुतं, पोर लहान हुती. कानडीत सही हाय माजी, काढून बघा."

"मावशी घाबरलीय. पाणी द्या रे कुणीतरी."

"घाबरले हुते तवा सही केली," गंगम्मा म्हणाली. "पाणी नगं."

संस्कृती मॅडम उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातात गंगम्मासाठी आणलेली शाल तशीच होती. "मावशी, हे खरं आहे?"

"ह्या बुधवारी शिवकुमार त्याच चेंबरात उतरलाय म्याडम. त्योच हितं मागं उभा हाय. त्याला इचारा, माजं कशाला धरताय?"

मॅडमनी मागं बघितलं. शिवकुमारनं मान खाली घातली नाही.

आबासाहेबांनी सरांना खूण केली. सर गडबडीनं म्हणाले, "तर आता सेवेचा वसा… प्रियंकाताई, पुढं या." फोटोग्राफर पुढं झाला. प्रियंका पुढं आली. तिनं कबूल केलं होतं म्हणून ती आली. तिनं दोन्ही हात पुढं केले.

गंगम्मानं तबकाला हात लावला नाही.

"हे मी न्हाय द्यायची."

"अव्वा," प्रियंका हळूच म्हणाली, "घर."

"जाऊ दे." मग ती मॅडमकडं वळली. "म्याडम, तुमी मनापासनं करताय, मला कळतंय. तुमी मला खुर्चीवर बसवलं. पण ही पोरगी बी.कॉम. हाय. लिवायची नोकरी असंल तर द्या. त्यो दिग्विजय झाडूवाल्याच्या जागंवर लिवायला बसतोय, मग माजी लिवणारी पोरगी झाडायला का?"

बचत गटाच्या बायकांमधून एक हसू फुटलं आणि तिथंच विरलं. दिग्विजय खिडकीजवळ उभा होता. त्याचे कान लाल झाले. भिंतीजवळच्या बारा जणांमधून कुणीतरी एकदा टाळी वाजवली. मग आणखी कुणी. पुढच्या रांगांमधल्या लोकांना आता टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना, म्हणून ते हात मांडीवर ठेवून बसले.

सरांनी राष्ट्रगीत लावलं. सगळे उभे राहिले. राष्ट्रगीत संपताच आबासाहेब मागच्या दारानं निघून गेले.

बाहेरच्या पायरीवर युवराजनं मायलेकींना गाठलं. सर वाचत होते ती मानपत्राची फ्रेम टेबलावरून उचलून प्रियंकानं छातीशी धरली होती.

"मावशी, ती फ्रेम दे जरा. चूक झालीय. दुरुस्त करून सांजच्याला घरी आणून देतो."

"चूक कुटं हाय त्यात?" प्रियंकानं विचारलं. "शुद्धलेखन मीच तपासलंय. सह्या-शिक्के तुमचे."

"प्रियंका, शाणी हाईस तू. घर मोकळं कराय लागंल. आबासाहेब काय ऐकायचे न्हाईत."

"तीन महिने हाईत," गंगम्मा म्हणाली. "तवर नियमानं ऱ्हातो. हे बी नियमानंच चाललंय न्हवं?"

युवराज पायरीवरून बाजूला झाला. तो काही वाईट माणूस नव्हता. वरून सांगितलं की तो खाली सांगायचा.

त्या रात्री भुवनेश्वरीनं दोन्ही घरचं जेवण एकाच चुलीवर केलं.

शनिवारी सकाळी हजेरी शेडमध्ये युवराजनं कामं वाटली. शिवकुमारला म्हणाला, कोष्टी गल्लीतला चेंबर. शिवकुमार म्हणाला, मशीन आण. युवराज म्हणाला, मशीन गल्लीत जात नाही. शिवकुमार म्हणाला, मग मी बी जात न्हाय. बाकीचे अकरा जण झाडू टेकवून उभे राहिले. युवराजनं फोन काढला, नंबर लावला आणि न बोलताच ठेवून दिला. चेंबर दिवसभर तसाच तुंबलेला राहिला आणि कोष्टी गल्लीत दुपारपर्यंत वास सुटला. गल्लीतल्या लोकांनी नगरपरिषदेत तक्रार केली. तक्रार कामगारांविरुद्ध होती.

गंगम्मानं आपली बाजारपेठ झाडली. निवृत्तीला अजून नऊ दिवस होते. साडेदहाला ती, प्रियंका आणि शिवकुमार पोलिस ठाण्यात गेले. प्रियंकानं मानपत्र टेबलावर ठेवलं. फ्रेम, गणपती, तिरंगी कडा, दोन सह्या, शिक्का. ठाणे अंमलदारानं सगळं सावकाश वाचलं. सातव्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे नगरपरिषदेनं लिहून दिलंय?"

"व्हय," गंगम्मा म्हणाली.

त्यांनी कुणाला तरी फोन लावला, पाच मिनिटं नुसतं ऐकलं आणि ठेवला. मग खुर्ची पुढं ओढली. आता त्यांचा आवाज थोडा बदलला होता. धमकी म्हणता येणार नाही, समजावणीचा होता.

"हे बघा बाई. नऊ वर्षांपूर्वी तुम्हीच लिहून दिलंय, नवरा घरी वारला म्हणून. तुमची सही आहे त्यावर. आता तुम्ही उलट सांगताय. मी जबाब घेतला तर पहिला प्रश्न तुम्हालाच येणार. खोटं लिहून दिलं आणि त्यावर नोकरी घेतली. गुन्हा तुमच्यावर पण दाखल होऊ शकतो. महिनाअखेर निवृत्ती आहे ना तुमची? पेन्शन, घर, सगळं अडकेल. विचार करा. चहा घ्या, घरी जा, सोमवारी या."

प्रियंकानं आईच्या दंडाला धरलं. "अव्वा, एखाद्या वकिलाला इचारूया आधी."

गंगम्मानं तिचा हात सोडवला. तीन दिवस तिला एका जागी बसवत नव्हतं. आता ती त्या लाकडी बाकावर मागं टेकून बसली, पाठ भिंतीला लावून.

"कागद घ्या सायेब," ती म्हणाली. "पयलं माजं खोटं लिवा. मग त्यांचं."